आधी धुराडं बघा, मग जळण

वाचकाचं पत्र, थोडक्यात: गगनबावडा तालुक्यातल्या एका वाडीवर आमचं घर. गेल्या वर्षी जुनं घर उतरवून नवं बांधलं. वासे जुनेच वापरले, वर कौलं. मोबाइलवरचा फोटो दाखवून गवंड्याकडून सोप्यात भिंतीतली फायरप्लेस बांधून घेतली. तोंड साडेतीन फूट रुंद, तीन फूट उंच. धुरासाठी सहा इंची सिमेंटचा पाईप भिंतीतून बाहेर काढलाय आणि पाऊस आत येऊ नये म्हणून वळचणीखालीच थांबवलाय. पेटवली की अर्धा धूर घरात. आबांचं वय ७४, त्यांना दमा. आजऱ्याचे दाजी काजूची टरफलं जवळजवळ फुकट द्यायला तयार आहेत. चुलते म्हणतात, शेणीसारखं जळण नाही. शेजारी पांढऱ्या कोळशाच्या, म्हणजे भुसा दाबून केलेल्या, कांड्या आणतो. बायको म्हणते, गॅसचा हीटर घ्या. रानात आंबा, जांभूळ आहेत, एक ऐन वाऱ्यानं पडलाय. मध्यंतरी धुराला कंटाळून शेगडीत लोणारी कोळसा पेटवून खोलीत ठेवला, तर आईचं डोकं धरलं आणि उलटी झाली, पित्त असावं. यातलं कोणतं जळण स्वस्त पडेल आणि रात्रभर टिकेल?

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटाकडे, सहज लिहिल्यासारखं लिहिलंय, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी, डोकं धरणं, उलटी: हे पित्त समजून सोडून देऊ नका. ही कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची नेहमीची लक्षणं आहेत. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. कोळशाला धूर नसतो म्हणून तो निर्धोक वाटतो. खरं तर धूर नसल्यामुळेच धोका कळत नाही. झोपलेल्या माणसाला डोकेदुखीही जाणवत नाही, तो उठतच नाही. म्हणून ती शेगडी आजपासून घरात पेटवायची नाही, अगदी खिडकी किलकिली ठेवूनसुद्धा. आईंना एकदा डॉक्टरांकडे नेऊन झालेला प्रकार जसाच्या तसा सांगा. आणि पुढे कोणतंही जळण ठरलं तरी सोप्यात आणि आबांच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म लावा. ऑनलाइन मिळतो.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही जळणाचा किलोचा भाव विचारताय. पण तुम्हाला विकत घ्यायचीय ती ऊब, आणि किलोतली किती ऊब खोलीत राहते हे जळणापेक्षा ते कशात जळतं त्यावर ठरतं. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी उष्णता असते. उघड्या तोंडाच्या फायरप्लेसमध्ये त्यातली दहा-पंधरा टक्केच खोलीला मिळते. बाकीची धुराड्यातून वर जाते, आणि जाताना खोलीतली तापलेली हवाही ओढून नेते. तिच्या जागी दाराच्या फटीतून गार, ओली हवा आत येते. शेकोटीसमोर बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गारठते, ती यामुळेच. तेच लाकूड दार असलेल्या बंद लोखंडी स्टोव्हमध्ये जाळलं तर साठ टक्क्यांच्या आसपास ऊब खोलीत राहते. विजेच्या हिशेबात सांगायचं तर एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी. म्हणजे एक किलो सुकं लाकूड उघड्या फायरप्लेसमध्ये अर्ध्या युनिटाएवढं काम करतं आणि बंद स्टोव्हमध्ये जवळजवळ अडीच युनिटांएवढं. तुमच्या बिलावरचा युनिटचा दर आणि वखारीतला लाकडाचा दर यात घालून बघा. कोणतं जळण स्वस्त हे ठरवायला आणखी कुणाला विचारायची गरज पडणार नाही.

धूर घरात का येतो, याचंही उत्तर तुम्हीच दिलेल्या मापांत आहे. उघड्या फायरप्लेसचा ढोबळ नियम असा, की धुराड्याच्या भोकाचं क्षेत्रफळ तोंडाच्या किमान एक दशांश हवं. तुमचं तोंड बेचाळीस इंच गुणिले छत्तीस, म्हणजे पंधराशे चौरस इंच. त्याला दीडशे चौरस इंचाचं, म्हणजे चौदा इंच व्यासाचं धुराडं लागेल. तुमचा सहा इंची पाईप जेमतेम अठ्ठावीस चौरस इंचांचा. त्यात भिंतीतून बाहेर काढताना काटकोनाचं वळण, आणि टोक वळचणीखाली. धुराड्याला ओढ लागते ती आतल्या गरम हवेच्या उंच खांबामुळे. तुमच्याकडे तो खांबच नाही. शिवाय वळचणीखाली वारा घुसून दाबतो, त्यामुळे पावसाळी वाऱ्याच्या दिवशी धूर उलटा फिरणारच. इथे तुम्ही चंदनाचं लाकूड जाळलंत तरी डोळे चुरचुरणार.

तर गवंड्याचं बांधकाम पाडू नका, पण त्यात उघडा जाळ करायचं विसरा. त्या कोनाड्यात दार असलेला छोटा लोखंडी स्टोव्ह बसवा. १२ बाय १५ फुटांच्या सोप्याला चार ते पाच किलोवॉटचा पुरतो. मोठा घ्यायचा मोह टाळा: मोठा स्टोव्ह कायम दबता चालवावा लागतो, आणि दबता जाळ म्हणजे पाईपमध्ये डांबर. अशा स्टोव्हला पाच-सहा इंचीच पाईप लागतो, पण तो सिमेंटचा चालत नाही. सिमेंटचा पाईप तापून तडकतो, आणि तो ॲस्बेस्टॉसचा असेल तर ती वेगळी डोकेदुखी. काढताना ओला करून, न फोडता, अख्खा उतरवा. गॅल्व्हनाइज्डचा पाईप फॅब्रिकेटर स्वस्तात देईल. स्टोव्हला लागून तो नको, कारण खूप तापला की जस्ताची वाफ सुटते. स्टोव्हपासून वरपर्यंत ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, किंवा निदान घरातला भाग दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या काळ्या पत्र्याचा.

पाईप भिंतीतून नव्हे, खोलीतूनच सरळ वर न्या. घरात असलेला पाईप स्वतःही ऊब देतो आणि आतला धूर गार होऊ देत नाही. वळण घ्यावंच लागलं तर पंचेचाळीस अंशाची दोन, काटकोन एकही नको. कौलांतून बाहेर पडल्यावर टोक किमान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आतला कौलाचा कोणताही भाग त्यापेक्षा दोन फूट खाली. स्टोव्हपासून टोकापर्यंत एकूण उंची तेरा-चौदा फुटांच्या खाली नको. टोकावर पावसाची टोपी, पण टोपी आणि पाईप यांत निदान सहा इंचांची मोकळीक.

तुमचे वासे जुने, म्हणजे खडखडीत वाळलेले. एकेरी पाईप आणि लाकूड यांत दीड फूट अंतर हवं. दोन वाशांमध्ये एवढी जागा निघत नसेल तर छताजवळ आत रॉकवूल (उष्णता अडवणारी, न जळणारी दगडी लोकर) भरलेला दुहेरी पाईप वापरा आणि त्याच्या कंपनीनं सांगितलेलं अंतर पाळा. वाशाला नुसता पत्रा ठोकून भागत नाही. पत्रा तापतो, मागचं लाकूड वर्षानुवर्षं भाजत राहतं आणि एखाद्या दिवशी पेट घेतं. कौलातल्या भोकाभोवती शिशाचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा वरच्या कौलाखाली आणि खालच्या कौलावर असा बसवा, नाहीतर पहिल्याच झडीत पाईपवरून पाणी ओघळत स्टोव्हवर येईल. नवं घर घट्ट असेल, सरकत्या खिडक्या असतील, तर स्टोव्हजवळ बाहेरची हवा आणणारा चार इंची पाईप टाका, बाहेरच्या तोंडाला जाळी लावून.

हे सगळं झाल्यावर जळण.

दाजींची टरफलं नम्रपणे नाकारा. आजरा-चंदगडात ती ढिगानं मिळतात आणि जळतातही जोरात, लाकडापेक्षा जास्त उष्णता देतात, यात खोटं काही नाही. पण ही उष्णता येते टरफलातल्या तेलातून. कच्च्या टरफलाच्या वजनाचा पाव भाग हे तेल असू शकतं, आणि हातावर फोड उठवतं ते हेच. जाळलं की त्याचा झोंबरा धूर डोळे आणि घसा धरतो. न जळलेला भाग पाईपमध्ये चिकट काळा थर होऊन बसतो, आणि तो थर पुढे स्वतःच पेटतो. कारखान्यात टरफल भट्टीत जळतं, वर उंच चिमणी असते. त्या जोरावर तुमच्या सोप्यात ते आणू नका. दम्याच्या माणसाच्या घरात तर न्हाणीतल्या बंबालाही नको. तेल काढलेल्या टरफलाचा धूर कमी, पण त्यात उरलेलं तेल किती हे पोत्याकडे बघून कळत नाही.

चुलत्यांचं शेणीबद्दलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. शेणी निखारा धरून ठेवते, सावकाश जळते, म्हणून दूध तापत ठेवायला आणि बंबाला उत्तम. ऊब मात्र लाकडापेक्षा कमी, धूर कितीतरी जास्त, आणि राखच राख: लाकडाची राख शेकडा एक-दोन किलो, शेणीची वीस किंवा त्याहून जास्त. स्टोव्हची जाळी दिवसातून दोनदा झाडावी लागेल. हुडव्यात शाकारून ठेवलेल्या शेणीही घाटमाथ्यावरच्या जुलैत ओल धरतात. घरात चार-पाच जनावरं असतील तर शेण गोबर गॅसला घाला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागतं, स्वयंपाकाचा बराचसा गॅस सुटतो आणि स्लरी शेतात जाते. थंडीत गॅस कमी पडतो, हे धरून चाला.

उसाचा पाला आणि चिपाड तुम्ही विचारलेलं नाही, पण खालच्या गावांतून कुणीतरी सुचवेलच. गुऱ्हाळात चुलाणासमोर एक माणूस सतत चिपाड सारत बसलेला असतो, हात थांबला की जाळ बसतो. घरात ते काम कोण करणार?

पांढऱ्या कोळशाची कांडी मात्र विचार करण्यासारखी आहे. चांगल्या कांडीत ओल आठ-दहा टक्के, उष्णता सुक्या लाकडाएवढी किंवा थोडी जास्त, आणि आकार सारखा. अडचणी दोन. पहिली, ती कशाची आहे हे विक्रेता सांगेलच असं नाही. कांडी मोडून बघा: आत एकसारखा तपकिरी भुसा हवा. रंगीत कण किंवा सनमायकासारखे चकचकीत तुकडे दिसले तर तो फर्निचरच्या कारखान्यातला भुसा, त्यात प्लायवूडचा डिंक. असा माल घरात जाळायचा नाही. हाताला माती लागली, कांडी वजनाला उगाच जड वाटली, तर राख जास्त निघणार. दुसरी अडचण पाण्याची. एक तुकडा पेल्यात टाका, काही मिनिटांत फुगून त्याचा लगदा होतो. दमट हवेतही कांड्या फुगतात आणि पोत्यातच भुगा होतो. म्हणून झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवा, पोतं जमिनीवर नको. जळतानाही कांडी फुलते, तेव्हा स्टोव्ह अर्धाच भरा. आधी दोनच पोती आणून महिनाभर वापरा, मग टेम्पो ठरवा. पेलेटचे, म्हणजे भुशाच्या बारीक दाबलेल्या गोळ्यांचे, आपोआप चालणारे स्टोव्ह मिळतात. त्यांना पंख्यासाठी वीज लागते, आणि तुमच्याकडे झडीच्या दिवसांत वीज किती टिकते ते तुम्हाला माहीत आहे.

गॅसच्या हीटरबद्दल वहिनींना एक हिशेब दाखवा. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. धुराडं नसलेला हीटर ती सगळी खोलीत सोडतो. तुमच्या भिंतींना आधीच ओल असताना रात्रीत दोन-तीन लिटर पाणी हवेत मिसळायचं, म्हणजे सकाळी गाद्या चिकट आणि कोपऱ्यात बुरशी. दम्याला बुरशी धुराइतकीच वाईट. शिवाय बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड इथेही होऊ शकतो.

राहिलं लाकूड. माझं मत लाकडाच्या बाजूनं आहे, एका अटीवर: ते मृगाच्या आधी वाळून छपराखाली आलेलं असलं पाहिजे. घाटमाथ्यावर ऊब सगळ्यात जास्त लागते ती पावसात, आणि पावसात सुकं लाकूड पैसे मोजूनही मिळत नाही. नुकत्या तोडलेल्या शंभर किलो लाकडात चाळीस-पन्नास किलो पाणीच असतं. ते तुम्ही वजनावर विकत घेता, गाडीतून वाहून आणता आणि मग आगीची काही ताकद ते उकळण्यात घालवता. ओल्या लाकडाचा धूर गार असतो. पाईपमध्ये सव्वाशे अंशांच्या खाली आला की तो आतून डांबर होऊन चिकटतो.

बाभूळ मिळाली तर पहिली पसंती: जड, सावकाश जळणारी, पक्का निखारा. सुरूही त्याच तोलाचा. नीलगिरी चालते, पण ओली असतानाच फोडून घ्या, वाळल्यावर कुऱ्हाड उडते. आंबा हलका, भराभर जळून जातो, पेटवायला ठीक. सावर, पांगारा, उंबर असलं हलकं लाकूड जागा अडवतं, ऊब देत नाही. रानातल्या झाडांना मात्र एकदम कुऱ्हाड लावू नका. आंबा, जांभूळ, ऐन ही १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या यादीतली झाडं आहेत. स्वतःच्या मालकीची असली तरी परवानगी लागते, आणि पडलेला ऐन हलवण्याआधीही वनपालांना विचारलेलं बरं.

किती लागेल? चार किलोवॉटच्या स्टोव्हला तासाला साधारण दीड किलो. संध्याकाळी चार तास म्हणजे सहा किलो. जून मध्यापासून सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबर-जानेवारी धरले तर वर्षाला एक टन. रचलेली बाभूळ असेल तर आठ फूट लांब, चार फूट उंच आणि अडीच फूट खोल एवढी रास. छप्पर थोडं मोठंच करा. जानेवारीत तोडलेलं घ्या, फेब्रुवारीच्या आत मनगटाएवढं फोडा, लांबी दहा-बारा इंच. विटांवर सहा इंच उंच रचा, वर पत्रा, चारी बाजू मोकळ्या. सगळीकडून प्लॅस्टिक गुंडाळलं की आत वाफ कोंडून बुरशी येते. वाळलं की नाही हे कळायला राशीतल्या एका ढलपीवर खडूनं खूण करा आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. उतरायचं थांबलं की झालं. ओल मोजायचं यंत्र असेल तर ढलपी ताजी फोडून आतल्या बाजूला लावा, बाहेरून नेहमी कमीच दाखवतं. वीस टक्क्यांच्या वर असेल तर जाळू नका. जूनमध्ये पश्चिमेच्या बाजूला पत्र्याचा आडोसा करा आणि दोन दिवसांचं जळण घरात आणून ठेवा, स्टोव्हपासून तीन फूट लांब.

आता रात्रभर टिकण्याची गोष्ट. ही इच्छाच सोडून द्या. हवा बंद करून, लाकूड धुमसत ठेवून झोपणं म्हणजे डांबर आणि विषारी वायू दोन्ही एकदम. लाकूड कमी घाला, हवा मोकळी द्या, ज्वाळ लख्ख असू द्या. साडेनऊला शेवटची ढलपी, निखारे विझत आल्यावरच झोपा. कोनाड्याची दगड-विटांची भिंत तापलेली असते, ती मध्यरात्रीपर्यंत ऊब देते. आबांच्या खोलीला पहाटे ऊब हवी तर तेलाचा इलेक्ट्रिक रेडिएटर ठेवा, दीड हजार वॉटचा, पहाटे दोन तास म्हणजे तीन युनिट. धूर नाही, वाफ नाही. तो सोळा अँपिअरच्या सॉकेटवर आणि जाड वायरीवर लावा, टीव्हीच्या बोर्डावर नाही. आणि पावसाळ्यात सोप्यात कपडे वाळत घालणं बंद करा. त्यांतलं पाणी हवेतच जातं, मग कितीही जाळा, अंथरूण गारच लागतं.

पाईप वर्षातून दोनदा साफ करायचा: मे अखेर आणि दसऱ्याच्या सुमारास. आतला थर तीन मिलिमीटरच्या वर गेला तर मुहूर्ताची वाट बघू नका. कधी पाईप घों घों आवाज करत लाल झालाच तर स्टोव्हचं दार आणि हवेची झडप बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, १०१ ला फोन करा. वरून पाणी ओतू नका, पाईप फाटतो.

गवंड्याला बोलवाल तेव्हा नवीन खर्चाचं बोलण्याआधी टेप घेऊन दोन वाशांमधलं अंतर मोजून घ्या. एकेरी पाईप की दुहेरी हे त्या मापावर ठरेल, आणि सगळ्यात जास्त पैसे तिथेच जाणार आहेत.